जठरात टिकणारी सॉफ्टजेल: आम्लरोधी जिलेटिन कवच पहिल्या बीकरपासून स्टॅबिलिटीपर्यंत

माशाच्या तेलाची साधी सॉफ्टजेल (द्रव भरलेली मऊ जिलेटिन कॅप्सूल) रोज घेणाऱ्या कोणालाही विचारा, तक्रार एकच असते: तासाभराने येणारी मासळीच्या वासाची ढेकर. कॅप्सूल जठरात पोचते, काही मिनिटांत जिलेटिनचं कवच विरघळतं, तेल वर तरंगतं आणि वास घशाशी येतो. पेपरमिंट तेलाचा प्रश्न याहून मोठा आहे. आतड्यातल्या कळा थांबाव्यात म्हणून दिलेलं हे तेल जठरातच सुटलं, तर अन्ननलिकेच्या तळाशी असलेला झडपेचा स्नायू सैल पडतो आणि रुग्णाला छातीत जळजळ होते. दोन्हीकडे मागणी तीच: कवच जठरातल्या आम्लात बंद राहावं आणि लहान आतड्यात पोचल्यावर उघडावं.

फॉर्म्युलेशनच्या प्रयोगशाळेत नुकत्याच आलेल्या, बी. फार्म. किंवा एम. फार्म. झालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. सांगायचं मुख्य ते आधीच सांगतो. आम्लात न विरघळणारी फिल्म बनवणं फारसं अवघड नाही, ती आठवडाभरात जमते. अवघड आहे ती शिवण, म्हणजे कवचाचे दोन भाग जिथे चिकटतात तो जोड. जी फिल्म आम्लात टिकते तीच मशीनवर नीट चिकटली पाहिजे आणि सहा महिन्यांनीही आतड्यात वेळेवर उघडली पाहिजे. या तिन्ही गोष्टी पहिल्या बीकरपासून बरोबरीने तपासल्या नाहीत, तर महिन्यांचं काम मशीनवर एका दुपारी वाया जातं. माझं गेलं आहे.

आधी साधं कवच समजून घ्या

सॉफ्टजेल आजही ज्या पद्धतीने बनते ती रॉबर्ट शेरर यांनी डेट्रॉइटमध्ये १९३३ च्या सुमारास उभी केली. गरम जिलेटिन मास (जिलेटिन, प्लास्टिसायझर आणि पाण्याचं दाट मिश्रण) दोन थंड ड्रमवर पसरून दोन रिबन, म्हणजे पातळ सलग पट्ट्या, निघतात. त्या समोरासमोर फिरणाऱ्या दोन डाय रोलमध्ये, म्हणजे साचे कोरलेल्या रुळांमध्ये, शिरतात. मध्ये वेज, म्हणजे पाचरीच्या आकाराचा तापवलेला ठोकळा, असतो. तो रिबन गरम करतो आणि त्यातूनच तेल आत सोडलं जातं. डाय रोल कॅप्सूल कापतात आणि त्याच दाबात कडा चिकटवतात. कडा चिकटते ती डिंकासारखी नव्हे. दोन्ही रिबनचे पृष्ठभाग क्षणभर वितळतात, जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींत शिरतात आणि थंड होताना गुंततात. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

साध्या ओल्या मासमध्ये साधारण ४० ते ४५ टक्के जिलेटिन, १५ ते ३० टक्के ग्लिसरीनसारखं प्लास्टिसायझर (कवच लवचीक ठेवणारा घटक) आणि उरलेलं पाणी असतं. हे कवच ३७ अंशांच्या आम्लात का टिकत नाही? जिलेटिनच्या साखळ्यांना एकत्र धरणारे बंध ३५ अंशांच्या पुढे सुटतात. आम्लाचं इथे खास काही काम नसतं, ३७ अंशांचं साधं पाणीही कवच विरघळवतं. शिवाय जठरात पेप्सिन असतं आणि प्रथिनं कापणं हेच त्याचं काम. जिलेटिन हे प्रथिनच आहे.

कोणत्या वाटेने जायचं

वाटा तीन आहेत. पहिली म्हणजे तयार सॉफ्टजेलवर आम्लरोधी कोटिंग चढवायचं. टॅब्लेटवर हे सर्रास होतं. पण सॉफ्टजेल मऊ असते, दाबली की वाकते, तिच्यावर तेलाचा पुसट थर असतो आणि पाण्यातलं कोटिंग फवारलं की कवच ओलावा शोषून चिकट होतं. कोटिंगची फिल्म कवचाइतकी लवचीक नसेल तर बाटलीत एकमेकींवर आपटूनच तडे जातात. चांगली कोटेड सॉफ्टजेल बनवणारे आहेत, पण ते एक वेगळं, जास्तीचं काम आहे.

दुसरी वाट म्हणजे आम्लात न विरघळणारं पॉलिमर जिलेटिन मासमध्येच मिसळणं. सेल्युलोज अॅसिटेट थॅलेट किंवा मेथॅक्रिलिक आम्लाचे कोपॉलिमर यासाठी वापरतात. ते साध्या पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून अमोनिया किंवा कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात विरघळवून घ्यावे लागतात. कवच पक्कं होतं, पण मास अल्कधर्मी झाल्यामुळे गरम असताना जिलेटिन तुटत जातं, अमोनियाचा वास सांभाळावा लागतो आणि अन्नपूरक म्हणून विकायच्या मालात यातली काही पॉलिमर चालतात का, हे देशागणिक तपासावं लागतं.

तिसरी वाट पेक्टिनची. नवख्याने हीच आधी धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. सामान खाण्यातलं आहे, धोका कमी आहे आणि यात केलेल्या चुका डोळ्यांना दिसतात. पुढचं सगळं या वाटेबद्दल आहे.

एका वाटेला मात्र जाऊ नका: फॉर्मल्डिहाइडने कवच कडक करणं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बर्नच्या हेर्मान साली यांनी अशा कॅप्सूल स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी वापरल्या होत्या, म्हणून जुन्या पुस्तकांत त्या भेटतात. पण फॉर्मल्डिहाइडची जोडणी आपण म्हणू तिथे थांबत नाही. साठवणीत ती चालूच राहते आणि आज आतड्यात उघडणारी कॅप्सूल चार महिन्यांनी उघडतच नाही. शिवाय ते सिद्ध झालेलं कर्ककारक रसायन आहे.

पेक्टिन काय करतं

पेरूची जेली घरी केली असेल तर पेक्टिन तुमच्या ओळखीचं आहे. पेरू उकळून गाळलेलं पाणी, भरपूर साखर आणि लिंबू घातलं की जेली धरते. ते जास्त मेथॉक्सी असलेलं पेक्टिन. त्याला साखर आणि आम्ल लागतं. आपल्याला हवं आहे ते कमी मेथॉक्सीचं, म्हणजे ज्याची एस्टरीकरणाची पातळी (मेथिल गटाने झाकलेल्या कार्बॉक्सिल गटांचं प्रमाण) ५० टक्क्यांच्या खाली आहे असं. त्याच्या साखळीवर मोकळे कार्बॉक्सिल गट भरपूर असतात आणि ते कॅल्शियमला धरतात. दोन साखळ्यांच्या खाचांत कॅल्शियमचे आयन अंड्यांच्या ट्रेमधल्या अंड्यांसारखे बसतात. पुस्तकांतही या रचनेला अंड्यांच्या खोक्याचंच नाव आहे.

आता जठरात काय होतं ते पाहू. पीएच १.२ ला कार्बॉक्सिल गटांना प्रोटॉन मिळतो, त्यांचा ऋणभार जातो आणि पेक्टिन पाण्यातून अंग काढून घेतं. कॅल्शियम थोडं सुटतं, पण आम्लरूप पेक्टिन स्वतःच अविद्राव्य असल्यामुळे जाळं टिकतं. त्या जाळ्यात अडकलेलं जिलेटिन ३७ अंशांना मऊ होतं, फुगतं, पण बाहेर वाहून जात नाही. पुढे आतड्यात पीएच ६ च्या वर गेलं की कार्बॉक्सिल गटांवर पुन्हा भार येतो, साखळ्या एकमेकींना ढकलतात, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि कवच सुटतं.

म्हणजे आम्लात टिकण्याचं मुख्य श्रेय कॅल्शियमचं नाही. कॅल्शियम जाळं आवळतं इतकंच. हे ज्यांना उमगत नाही ते कॅल्शियम वाढवत जातात आणि शिवण घालवून बसतात.

पहिली पायरी: सामान निवडणं

जिलेटिनचे दोन प्रकार. आम्ल प्रक्रियेने, बहुधा डुकराच्या कातडीपासून बनलेलं ए. त्याचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला जिलेटिनवरचा एकूण भार शून्य होतो तो, ७ ते ९ च्या दरम्यान. अल्कली प्रक्रियेने, बहुधा गुरांच्या हाडांपासून बनलेलं बी. त्याचा समविद्युत बिंदू ५ च्या आसपास. आपल्याकडे औषधी कामात हाडांचं बी जिलेटिन सहज मिळतं आणि पेक्टिनसाठी ते सोयीचंही आहे. कारण सरळ आहे. पीएच समविद्युत बिंदूच्या खाली गेलं की जिलेटिनवर धनभार येतो. पेक्टिनवर ऋणभार असतो. दोघं बीकरमध्येच एकमेकांना धरतात, मास ढगाळ होतो, कधी दोरे पडतात. बी जिलेटिनमध्ये पीएच ५.५ च्या वर ठेवलं की हा ओढा कमी राहतो. ए प्रकारात हे सांभाळणं फार कठीण.

ब्लूम १५० ते २०० च्या दरम्यानचा घ्या. ब्लूम म्हणजे ६.६७ टक्के जिलेटिनचं जेल १० अंशांना सोळा ते अठरा तास ठेवून त्यात १२.७ मिलिमीटरचा दांडा ४ मिलिमीटर दाबायला लागणारं वजन, ग्रॅममध्ये. ब्लूम जास्त असला की फिल्म मजबूत होते, पण पेक्टिनमुळे मास आधीच दाट झालेला असतो, त्यात अजून दाटपणा परवडत नाही.

लॉटचं विश्लेषणपत्र हातात घ्या आणि राखेचा, म्हणजे जाळल्यावर उरणाऱ्या क्षारांचा, आकडा वाचा. ही सवय मला उशिरा लागली. हाडांच्या जिलेटिनमध्ये स्वतःचं कॅल्शियम असतं. समजा, एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम आहे. मग ३२ ग्रॅम जिलेटिनबरोबर ३२ मिलिग्रॅम कॅल्शियम तुम्ही न मोजता बीकरमध्ये टाकता. उलट मोठ्या काळजीने तोलून टाकलेल्या २० मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइडमध्ये कॅल्शियम असतं फक्त सातेक मिलिग्रॅम. लॉट बदलला की मास अचानक दाट का झाला, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. पाणी शुद्धीकरण केलेलंच वापरा. बोअरवेलच्या कडक पाण्यात हा हिशोब आणखी बिघडतो.

प्लास्टिसायझर म्हणून सुरुवातीला फक्त ग्लिसरीन. सॉर्बिटॉल, मिश्रणं वगैरे नंतर.

दुसरी पायरी: बीकरमधला मास

शंभर ग्रॅमसाठी मी ज्या आकड्यांपासून सुरुवात करायला सांगतो ते असे: जिलेटिन ३२ ग्रॅम, कमी मेथॉक्सीचं पेक्टिन ३ ग्रॅम, ग्लिसरीन १८ ग्रॅम, पाणी ४७ ग्रॅम. नेहमीच्या मासपेक्षा यात पाणी जास्त आहे, ते पेक्टिनच्या दाटपणासाठी. याच्या बरोबरीने पेक्टिन नसलेला एक बीकर दरवेळी करा. तुलनेला काही नसेल तर फिल्म चांगली की वाईट हे ठरवता येत नाही.

पेक्टिन थेट पाण्यात टाकू नका. बाहेरून ओली, आतून कोरडी अशी गाठ होते आणि ती तासभर ढवळूनही सुटत नाही. आधी कोरडं पेक्टिन ग्लिसरीनमध्ये कालवून पातळ लापशी करा. पाणी ८० अंशांपर्यंत तापवा, ढवळत ढवळत लापशी सोडा आणि अर्धा तास द्या. द्रावण बोटांत घेऊन चोळा; रवाळ लागलं तर अजून थांबा. मग तापमान ६५ अंशांच्या आसपास आणून जिलेटिनचे दाणे थोडे थोडे घाला. जिलेटिन ८० अंशांना तासन्तास ठेवलं तर त्याच्या साखळ्या तुटतात आणि ब्लूम उतरतो, म्हणून ते शेवटी.

पीएच आता मोजा. ५.५ च्या खाली असेल तर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने, थेंबाथेंबाने वर आणा. कॅल्शियम घालायचंच असेल तर शंभर ग्रॅमला १० ते २० मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, तेही बरंच पाणी घालून पातळ केलेलं, भोवऱ्याच्या कडेने हळूहळू. एका जागी ओतलं तर तिथे जेलीची गोळी तयार होते आणि ती पुन्हा वितळत नाही. पहिली फिल्म मात्र कॅल्शियम न घालता करा. बऱ्याचदा जिलेटिनचं स्वतःचं कॅल्शियम पुरतं.

व्हॅक्यूमखाली हवा काढा आणि मास ६० अंशांना झाकून ठेवा. दाट मासमधून बुडबुडे निघायला वेळ लागतो, घाई नको. फिल्ममधला प्रत्येक बुडबुडा म्हणजे आम्लाला मिळालेलं एक दार.

तिसरी पायरी: फिल्म, आणि तिच्या तीन परीक्षा

काचेच्या थंड प्लेटवर ०.८ मिलिमीटरच्या फटीचा अॅप्लिकेटर वापरून फिल्म ओढा, कारण मशीनवरची ओली रिबनही तेवढ्याच जाडीची असते. अर्धी फिल्म ओलीच ठेवा, अर्धी २२ ते २४ अंशांना कोरड्या हवेत वाळवा. ओली फिल्म कशाला, ते पुढे.

पहिली परीक्षा आम्लाची. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ३७ अंश. दोन सेंटिमीटरचे चौकोन कापा, वजन करा, बुडवा, दर अर्ध्या तासाने चिमट्याने उचलून पाहा. पेक्टिन नसलेला चौकोन काही मिनिटांत नाहीसा होईल. पेक्टिनचा चौकोन फुगेल, पांढरट होईल, पण दोन तासांनंतरही अखंड उचलता आला पाहिजे. इथे एक सापळा आहे, त्यात मी पूर्ण आठवडा अडकलो होतो. वॉटर बाथचा आकडा ३७ दाखवतो, पण उघड्या बीकरमधला द्रव ३३ अंशांवर असू शकतो. ३३ अंशांना साधं जिलेटिनही विरघळायला वेळ लावतं. माझ्या सगळ्या फिल्म पास होत होत्या, पेक्टिन नसलेलीसुद्धा, आणि त्या एका पेक्टिन नसलेल्या बीकरनेच मला जागं केलं. थर्मामीटर बाथमध्ये नको, बीकरमध्ये हवा.

आम्लात टिकली की तीच परीक्षा पेप्सिन घालून करा: लिटरला २ ग्रॅम मीठ, ३.२ ग्रॅम पेप्सिन, ७ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच सुमारे १.२. फार्माकोपियाच्या अधिकृत आम्ल परीक्षेत पेप्सिन नसतं, पण रुग्णाच्या जठरात असतं. पेक्टिनचं जाळं विरळ असेल तर पेप्सिन त्यातलं जिलेटिन कापून काढतं आणि चौकोन हातात येताच फाटतो.

दुसरी परीक्षा आतड्याची. आम्लातून काढलेला तोच चौकोन पीएच ६.८ च्या फॉस्फेट बफरमध्ये टाका. नवा चौकोन घेऊ नका. आम्लातून गेलेलं पेक्टिन आणि कोरडं पेक्टिन वेगळं वागतं, आणि कॅप्सूल आतड्यात पोचते ती आम्लातून जाऊनच. चौकोन अर्ध्या तासाच्या आत विरघळावा.

तिसरी परीक्षा शिवणीची, आणि नवखे हीच टाळतात. म्हणून ओली फिल्म राखून ठेवली होती. एक सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या, ४० अंशांना तापवलेल्या धातूच्या दांड्यावरून एकेक बाजू क्षणभर फिरवा, तापलेल्या बाजू एकमेकींवर ठेवून दाबा. थंड झाल्यावर ओढा. पट्टी जोडाशी सुटली तर शिवण नापास. पट्टी स्वतः फाटली पण जोड राहिला तर पास. मग जोड असलेला हा तुकडा वाळवून आम्लात टाका. अखंड फिल्म दोन तास टिकते आणि जोड चाळीस मिनिटांत उकलतो, हे चित्र तुम्हाला अनेकदा दिसेल. त्या दिवशी फॉर्म्युला बदलायचा. मशीन बुक करायचं नाही.

माझ्या पहिल्या मोठ्या प्रयोगात मी ही परीक्षा केली नव्हती. फिल्म आम्लात चार तास टिकली होती, त्यामुळे मी निश्चिंत होतो. मशीनवर रिबन सुंदर निघाली, कॅप्सूल सुंदर कापल्या गेल्या आणि ट्रेवर पोचेपर्यंत निम्म्याहून अधिक शिवणीतून गळत होत्या. कॅल्शियम जास्त झालं होतं. कॅल्शियम-पेक्टिनचं जाळं ४० अंशांना वितळत नाही. रिबनचा पृष्ठभाग मऊ झाला, पण साखळ्या पलीकडच्या रिबनमध्ये शिरू शकल्या नाहीत. कडा एकमेकींना टेकल्या होत्या, जुळल्या नव्हत्या.

यातून निघणारा नियम साधा आहे. शिवण होईपर्यंत जाळं सैल असू द्या, आवळू द्या ते नंतर. ते आपोआप आवळतं. वाळताना पाणी जातं, पेक्टिन आणि कॅल्शियम दोन्ही दाट होत जातात आणि ओल्या रिबनमध्ये न झालेली जोडणी कोरड्या कवचात होते. म्हणून ओल्या फिल्मचा आम्लातला निकाल पाहून निराश होऊ नका, वाळलेल्या फिल्मचा पाहा.

चौथी पायरी: तेल

कवच शिकताना तेल विसरलं जातं. माशाचं तेल ऑक्सिडीकृत झालं की त्यातून अल्डिहाइड निघतात, आणि अल्डिहाइड जिलेटिनला जोडतात. म्हणजे ज्या फॉर्मल्डिहाइडला आपण दारातून हाकललं, त्याचेच भाऊबंद खिडकीतून आत येतात. अशी कॅप्सूल आम्लात दिवसेंदिवस छान टिकत जाते. तुम्हाला वाटतं फॉर्म्युला जमला. खरं तर कवच आतून मरत चाललेलं असतं, आणि त्याचा पत्ता बफरमध्ये लागतो.

म्हणून तेल घेताना पेरॉक्साइड मूल्य (ऑक्सिडीकरणाची सुरुवात दाखवणारं) ५ च्या वर आणि अॅनिसिडिन मूल्य (तयार झालेले अल्डिहाइड दाखवणारं) २० च्या वर नको; ओमेगा-३ च्या उद्योगानेही हीच मर्यादा मानली आहे. ड्रम उघडल्यावर नायट्रोजनखाली ठेवा, ऑक्सिडीकरण रोखणारं टोकोफेरॉल आहे का बघा आणि भरायच्या दिवशी पुन्हा मोजा. पुरवठादाराच्या कागदावरचा आकडा तेल त्याच्याकडून निघालं त्या दिवसाचा असतो.

पाचवी पायरी: मशीन

पेक्टिनचा मास स्प्रेडर बॉक्समधून (ड्रमवर मास पसरवणाऱ्या पेटीतून) नेहमीपेक्षा हळू येतो, तेव्हा ड्रमचा वेग कमी ठेवून सुरुवात करा. साध्या कवचाला वेज ३७ ते ४० अंशांवर चालतो. इथे दोन-चार अंश वाढवावे लागतात. पण वेज वाढवताना भरलेल्या तेलाचंही तापमान वाढतं हे लक्षात असू द्या. ऑपरेटरचं ऐका. रिबन हातात घेऊन तो सांगतो की ही आज कोरडी आहे, आणि ते बहुधा खरं असतं.

पहिल्या दहा मिनिटांत एक कॅप्सूल ब्लेडने आडवी कापा आणि शिवणीची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. रिबनच्या जाडीच्या निम्म्याहून कमी असेल तर थांबा आणि वेज, रिबनची जाडी, डायचा दाब यांतलं एकावेळी एकच बदला. साधी सॉफ्टजेल इतक्या शिवणीवर कदाचित बाजारात तग धरेल, आम्लरोधी धरणार नाही, कारण आम्ल पातळ जागा शोधूनच आत शिरतं.

सहावी पायरी: वाळवणं

टम्बल ड्रायरनंतर ट्रे, २१ ते २४ अंश, सापेक्ष आर्द्रता २० ते ३० टक्के. कोकणपट्टीत किंवा बोईसर-तारापूरसारख्या समुद्राजवळच्या भागात जुलैमध्ये हे सांभाळणं म्हणजे डिह्युमिडिफायरची परीक्षा असते. पेक्टिनचं कवच पाणी हळू सोडतं, तेव्हा साध्या कॅप्सूलच्या वेळापत्रकावर ट्रे उतरवू नका. तापमान वाढवून घाई केली तर बाहेरची कातडी आधी कडक होते आणि आतलं पाणी अडकतं.

काही जण वाळल्यावर कॅप्सूल ४० अंशांना एक-दोन दिवस ठेवून जाळं पक्कं करतात, कवचात थोडं डेक्स्ट्रोजही घालतात. डेक्स्ट्रोज जिलेटिनशी तीच अभिक्रिया करतं ज्यामुळे पाव भाजताना तपकिरी होतो. त्याने आम्लातला टिकाव वाढतो, पण कवच पिवळसर होतं आणि जास्त झालं तर आतड्यात उघडत नाही. हे करून पाहायला हरकत नाही, मात्र पेक्टिनचं प्रमाण आणि शिवण जमल्यावर. आधी नाही.

सातवी पायरी: अधिकृत चाचणी

भारतीय फार्माकोपियाप्रमाणे डिसइंटिग्रेशनच्या (कॅप्सूल फुटण्याची वेळ तपासणाऱ्या) उपकरणात सहा कॅप्सूल, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास, मग पीएच ६.८ च्या बफरमध्ये एक तास. आम्लात एकही फुटता कामा नये, बफरमध्ये सगळ्या उघडल्या पाहिजेत. तेलाची कॅप्सूल असल्यामुळे एक सोय आहे: एक थेंब जरी गळला तरी पृष्ठभागावर रंगांची झाक दिसते. बीकरमागे काळा कागद लावा आणि दर पंधरा मिनिटांनी तिरक्या उजेडात पाहा.

फुगलेली कॅप्सूल नापास नसते. नवख्यांना ती बघून धसका बसतो. आकार दीडपट झाला, पांढरी पडली, बोटाने दाबल्यावर थुलथुलीत लागली, तरी गळली नसेल तर ती आपलं काम करते आहे. गळलेली मात्र उचलून शिवण बघा. शिवणीतून गेली असेल तर दोष मशीनचा किंवा कॅल्शियमचा. अंगातून गेली असेल तर पेक्टिन कमी, रिबन पातळ किंवा बुडबुडा. ही नोंद प्रत्येक कॅप्सूलची स्वतंत्र ठेवा. 'सहापैकी दोन फुटल्या' या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही. 'दोन्ही शिवणीतून, ७० आणि ८५ मिनिटांना' या नोंदीचा होतो.

एक चाचणी आपल्या समाधानासाठी करा, पीएच ४.५ ची. जेवणानंतर जठराचं पीएच वर जातं, आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणारा रुग्ण तर दिवसभर त्या पट्ट्यात असू शकतो. तिथे पेक्टिनच्या बऱ्याच कार्बॉक्सिल गटांवर पुन्हा भार आलेला असतो, जाळं आम्लरूपावर उभं राहू शकत नाही, आणि कॅल्शियमने केलेली थोडी मदत इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. कॅल्शियम पूर्ण काढून टाकू नका म्हणतो ते याचसाठी.

लेबलाबद्दल एवढंच: कवच हाडांच्या जिलेटिनचं आहे. अन्नपूरक म्हणून विकणार असाल तर मांसाहारी चिन्ह लागतं, आणि औषध असलं तरी विचारणाऱ्या रुग्णाला खरं उत्तर मिळालं पाहिजे.

आठवी पायरी: स्टॅबिलिटी, म्हणजे साठवणीतला टिकाव

आपल्याकडे दीर्घकालीन नमुने ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला, त्वरित चाचणीचे ४० अंश आणि ७५ टक्क्यांना सहा महिने. नमुने बाजारात जाणार त्याच बंद बाटलीत ठेवा. उघड्या ट्रेवर ठेवलेल्या सॉफ्टजेल ४० अंशांना एकमेकींत वितळून गोळा होतात आणि त्यातून काही कळत नाही.

दर मुदतीला दोन्ही आकडे लिहा: आम्लात किती टिकली आणि नंतर बफरमध्ये किती मिनिटांत उघडली. आम्लातला निकाल बहुधा बदलत नाही, उलट सुधारतो, आणि तो बघून लोक फाइल बंद करतात. तुम्ही बफरचा रकाना बघा. सुरुवातीला पंधरा मिनिटांत उघडणारी कॅप्सूल तिसऱ्या महिन्यात पस्तीस मिनिटं घेऊ लागली, तर कवचाचा फॉर्म्युला बदलायला धावू नका. त्याच बाटलीतली चार कॅप्सूल कापा, तेल बाहेर काढा आणि आधी त्याचं अॅनिसिडिन मूल्य मोजा.